‘इंटिग्रेट’ला मराठीत काय म्हणावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्वयंसेवी संस्थेच्या इंग्रजी अहवालाचे आपण मराठी भाषांतर करीत आहात आणि त्यात ‘इंटिग्रेट’ हे क्रियापद पाच ठिकाणी आले आहे. पहिल्या ठिकाणी गावातील आरोग्यसेवा आणि पोषणसेवा ‘इंटिग्रेट’ करायच्या आहेत. दुसऱ्या ठिकाणी दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत, तिसऱ्या ठिकाणी नोंदी ठेवण्याचे ॲप जिल्ह्याच्या संगणकप्रणालीशी आणि चौथ्या ठिकाणी प्रशिक्षणात शिकलेले रोजच्या कामात ‘इंटिग्रेट’ करायचे आहे. पाचव्या ठिकाणी ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे गावात ‘चांगली इंटिग्रेट झाली’ असे म्हटले आहे. शब्दकोशात आपल्याला ‘एकत्रित करणे’, ‘एकात्म करणे’ आणि ‘एकीकरण करणे’ असे पर्याय मिळाले, आणि सर्वत्र एकच शब्द ठेवावा की नाही, हे आपल्याला ठरवता येत नाही.

सर्वत्र एकच शब्द ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शासकीय योजनांची माहितीपत्रके, प्रशिक्षण पुस्तिका आणि तांत्रिक मजकूर यांचे भाषांतर करण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली आहेत आणि या एका क्रियापदाने मला जितके अडवले, तितके फार थोड्या शब्दांनी अडवले असेल. शब्द अवघड आहे तो त्याला अनेक अर्थ आहेत म्हणून नव्हे. अनेक अर्थांचे शब्द आपण रोज हाताळतो. तो अवघड आहे कारण त्याचा भर जोडण्याच्या क्रियेवर नसून जोडल्यानंतर जे पूर्ण रूप तयार होते त्यावर आहे, आणि मराठीत आपण त्यासाठी जे शब्द चटकन वापरतो, ते बहुतेक जोडण्याची क्रियाच सांगतात.

मुळापासून पाहू. लॅटिनमध्ये ‘तांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे. त्याला नकारार्थी उपसर्ग लागून ‘इंटेगेर’ हे विशेषण झाले. त्याचा अर्थ ज्याला कोणी हात लावलेला नाही ते, म्हणून अभंग, अखंड, पूर्ण. त्यावरून ‘इंटेग्रारे’ हे क्रियापद आले, त्याचा अर्थ पूर्ववत करणे, पुन्हा पूर्ण करणे. इंग्रजीत सतराव्या शतकात हे क्रियापद आले तेव्हा ते ‘पूर्ण करणे’ याच अर्थाने आले. सुटे भाग एकत्र आणून त्यांचे एक रूप करणे हा आज आपल्याला मुख्य वाटणारा अर्थ नंतर रूढ झाला. ‘इंटेग्रिटी’, ‘इंटॅक्ट’ आणि फ्रेंचमार्गे आलेला ‘एन्टायर’ हे सारे याच घराण्यातले शब्द आहेत. ‘इंटेग्रिटी’ला आपण व्यक्तीच्या बाबतीत सचोटी म्हणतो आणि पुलाच्या बाबतीत मजबुती किंवा अभंगता म्हणतो, दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे, ती म्हणजे कुठेही फट नसणे.

ज्यांनी हे मूळ ओळखले, त्यांनी मराठीत आणि इतर भारतीय भाषांत ‘पूर्ण’ हा शब्द पुढे केला. गणितातील ‘इंटिजर’ला आपण पूर्णांक म्हणतो. श्रीअरविंदांच्या ‘इंटेग्रल योगा’ला पूर्णयोग हे नाव आहे, त्याला कोणी ‘एकत्रित योग’ म्हटले असते, तर निरनिराळ्या योगपद्धती एका पिशवीत भरल्यासारखे झाले असते.

गणिताचे उदाहरण थोडे लांबवतो, कारण ते फार बोलके आहे. जर्मन गणिती लायब्निट्स यांनी १६७५ मध्ये ‘इंटिग्रेशन’ या गणितक्रियेसाठी ज्या लांबट ‘एस’सारख्या चिन्हाची योजना केली, ते ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज या शब्दाचे आद्याक्षर होते. त्यांच्या दृष्टीने ही क्रिया असंख्य अतिसूक्ष्म तुकड्यांची बेरीज होती. ‘इंटेग्रल’ हा शब्द छापील रूपात आणला स्विस गणिती याकोब बर्नुली यांनी, १६९० मध्ये. त्यांच्या शब्दात भर आहे तो तुकड्यांतून मूळ पूर्ण राशी परत मिळवण्यावर. एकाच क्रियेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि मराठीत त्यांपैकी पहिलीला जागा मिळाली. आपण या क्रियेला संकलन किंवा समाकलन म्हणतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी, ती परंपरा या शब्दामागे उभी आहे. म्हणजे ‘इंटिजर’ला पूर्णांक म्हणताना आपण मूळ लॅटिन अर्थाजवळ गेलो आणि ‘इंटिग्रेशन’ला संकलन म्हणताना लायब्निट्स यांच्या बेरजेजवळ. दोन्ही शब्द चांगले आहेत, परंतु यावरून एवढे दिसते की, मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनीसुद्धा प्रत्येक ठिकाणी अर्थ पाहून शब्द निवडला. ‘संकलन’ गणिताबाहेर नेता येणार नाही, हेही लक्षात ठेवावे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचा अर्थ वेगळा आहे आणि रक्तसंकलनात आणखी वेगळा.

आता आपल्याला मिळालेल्या तीन पर्यायांपैकी पहिल्या दोहोंकडे येतो, तिसरा आपल्या तिसऱ्या वाक्याच्या वेळी पाहू. ‘एकत्र’ हे मुळात स्थळवाचक अव्यय आहे. जसे सर्वत्र, अन्यत्र, तसे एकत्र, म्हणजे एके ठिकाणी. एकत्र ठेवलेल्या वस्तू एक होत नाहीत, त्या केवळ एका जागी येतात. इंग्रजीत याला जवळचा शब्द ‘ॲग्रिगेट’ आहे, ज्याच्या मुळाशी ‘कळपात आणणे’ ही कल्पना आहे. ‘एकत्रीकरण’ हा शब्द मराठी माणसाला सर्वांत जास्त कुठे भेटला असेल, तर तो जमिनीच्या कागदपत्रांत. तुकड्यांना प्रतिबंध करणारा आणि धारण जमिनींचे एकत्रीकरण करणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला, एकत्रीकरण योजना गावोगाव राबवल्या गेल्या आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. तिथे हा शब्द चपखल आहे, कारण एका खातेदाराच्या चार ठिकाणच्या पट्ट्या शक्य तितक्या एका जागी आणणे हेच काम होते. इंग्रजीतही त्या कायद्यात ‘कन्सॉलिडेशन’ आहे, ‘इंटिग्रेशन’ नाही. म्हणून ‘एकत्रित करणे’ हा पर्याय आपल्या पाचही वाक्यांसाठी मी बाजूला ठेवीन.

‘एकात्म’ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द उंचीचा आहे. ज्यांचा आत्मा एक, ते एकात्म. १९६१ च्या राष्ट्रीय एकात्मता परिषदेपासून तो सार्वजनिक व्यवहारात घट्ट बसला. परंतु तो नेमका कशाचा प्रतिशब्द आहे, याबद्दल आपण पुरेसे सावध राहिलो नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘युनिटी’च्या जोडीला ‘इंटेग्रिटी’ हा शब्द आला. हिंदी उद्देशिकेत तो ‘एकता और अखंडता’ असा आहे, तर मराठीत आपण ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ असे वाचतो. म्हणजे मराठीत राष्ट्रीय ‘इंटिग्रेशन’ हीही एकात्मता आणि राष्ट्राची ‘इंटेग्रिटी’ हीही एकात्मता. पहिली ही घडवायची प्रक्रिया आहे, दुसरी राखायची अवस्था आहे. उद्देशिका म्हणताना ‘एकात्मता’ कानाला आणि मनाला गोड वाटते, यात शंका नाही. पण भाषांतरकाराने हे लक्षात ठेवावे की हा शब्द एकाच वेळी दोन ओझी वाहत आहे.

याच शब्दापासून ‘एकात्मिक’ हे विशेषण झाले आणि ते शासकीय मराठीत इतके पसरले की त्याचा अर्थच पातळ झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजना, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, एकात्मिक कीड व्यवस्थापन, एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन, एकात्मिक पाणलोट विकास. यांपैकी प्रत्येक नाव अधिकृत आहे आणि अधिकृत नाव भाषांतरकाराने बदलू नये. परंतु नावाबाहेर, वाक्याच्या ओघात, ‘एकात्मिक’ लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो की या शब्दाने वाचकाला काय कळेल. एका प्रशिक्षणात मी भाषांतरित केलेली पुस्तिका वाचून दाखवली जात असताना एका अंगणवाडी सेविकेने मला विचारले होते, “एकात्मिक म्हणजे सगळं एकाच ठिकाणी मिळतं, असंच ना? मग तसंच लिहा की.” तिचे म्हणणे योग्य होते आणि ते मी त्या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत स्वीकारले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या त्या बालविकास सेवा योजनेत पूरक पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा (म्हणजे गरजेनुसार पुढील उपचारांसाठी पाठवणे), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा एकाच अंगणवाडीच्या दारातून द्यायच्या होत्या, आणि एकाच मुलाकडे सहा बाजूंनी पाहायचे होते. हे दुसरे, म्हणजे सहा बाजूंनी एकाच मुलाकडे पाहणे, हा ‘इंटिग्रेटेड’चा खरा गाभा आहे. सेविकेच्या वाक्यात पहिला अर्थ आला होता. दुसरा आणण्यासाठी मी ‘एकाच मुलासाठी, एकाच ठिकाणी, परस्परांच्या मेळाने’ असे लिहिले. शब्द वाढले, पण वाचकाचा गोंधळ गेला.

‘परस्परांच्या मेळाने’ या शब्दांवर मी का अडून बसलो, हे कीड व्यवस्थापनाच्या उदाहरणातून स्पष्ट होईल. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी ‘इंटिग्रेटेड कंट्रोल’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा मुद्दा पुष्कळ उपाय एकाच वेळी करा, असा नव्हता. रासायनिक फवारणी अशा बेताने करा की शेतातले मित्रकीटक त्यात मरणार नाहीत, म्हणजे एक उपाय दुसऱ्या उपायाला मारक ठरणार नाही, हा तो मुद्दा होता. आपल्याकडे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी शेतकऱ्याला हेच सांगितले जाते: कामगंध सापळे लावा, सापळ्यातले पतंग मोजा, सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग दिसले तरच पुढच्या उपायाकडे वळा, पाच टक्के निंबोळी अर्क वापरा, ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक सोडा. आता एखाद्याने हे मित्रकीटक सोडण्यासाठी ट्रायकोग्रामाची कार्डे लावली आणि दुसऱ्याच दिवशी जहाल कीटकनाशक फवारले, तर त्याने दोन्ही उपाय केले, ते एकत्रही केले, पण ‘इंटिग्रेट’ केले नाहीत. भाग एकमेकांना ओळखून वागू लागतात, तेव्हा हा शब्द लागू होतो. म्हणून आपल्या पहिल्या वाक्यात, आरोग्यसेवा आणि पोषणसेवा यांच्याबाबत, मी ‘या दोन सेवांची एकमेकींशी सांगड घालणे’ असे लिहीन.

सांगड घालणे हा वाक्प्रचार भाषांतरकारांनी जितका वापरायला हवा तितका वापरत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. नदी ओलांडण्यासाठी दोन होड्या किंवा भोपळे एकमेकांना बांधून केलेला तरंगता आधार म्हणजे सांगड. त्यातील प्रत्येक होडी होडीच राहते, परंतु दोघी मिळून जे करतात ते एकटीला जमले नसते. ‘इंटिग्रेट’च्या फार मोठ्या वापरक्षेत्राचे हे अचूक वर्णन आहे. अभ्यास आणि अनुभव यांची सांगड, शेती आणि पशुपालन यांची सांगड, नोकरी आणि घर यांची सांगड. या कोणत्याही वाक्यात ‘एकात्मिक’ घालून पाहा, वाक्य लगेच कोरडे पडते.

याच्या शेजारी मराठीत आणखी कितीतरी क्रियापदे आहेत आणि त्यांच्यातला भेद पाळला तर पुष्कळ काम सोपे होते. मी तो भेद एका प्रश्नाने करतो: क्रिया झाल्यावर भागांचे काय उरते? भाग पूर्ण नाहीसे झाले तर ते विलीन होतात, विरघळतात. भाग ओळखू येत नाहीत पण त्यांच्यापासून नवे काही झाले, तर ते एकजीव होतात; पुरणात गूळ आणि डाळ एकजीव होतात, आणि हा स्वयंपाकघरातला शब्द कधीकधी संगीत-नाटकाच्या परीक्षणातही फार चांगला शोभतो. भाग शाबूत राहून एका मोठ्या गोष्टीचा अंश बनले, तर ते सामावले जातात. भाग शाबूत राहून एकमेकांच्या आधाराने चालू लागले, तर सांगड. आणि भाग काही काळापुरते, एखाद्या उद्दिष्टासाठी बांधले गेले तर त्यांची मोट बांधली जाते, जशी निवडणुकीत लहान पक्षांची.

‘विलीन’च्या बाबतीत मात्र मराठीने एक मोठा भेद पुसून टाकला आहे, आणि इतिहासविषयक मजकूर करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. साडेपाचशेहून अधिक संस्थाने स्वतंत्र भारतात आली, त्या साऱ्या घडामोडीला आपण संस्थानांचे विलीनीकरण म्हणतो. सरदार पटेलांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी या घडामोडींवर लिहिलेल्या १९५६ च्या ग्रंथाच्या शीर्षकात मात्र ‘इंटिग्रेशन’ हा शब्द आहे, आणि तो विचारपूर्वक आहे, कारण त्या प्रक्रियेचे टप्पे वेगवेगळे होते. आधी सामीलनामा, त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे जात होते आणि संस्थान आपल्या जागी राहत होते. नंतर काही ठिकाणी शेजारच्या प्रांतात विलीनीकरण झाले. सांगली, औंध अशी दक्षिणेतील संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी, बडोदा १ मे १९४९ रोजी. काही ठिकाणी तिसराच मार्ग निघाला. काठेवाडातील दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने कोणत्याही प्रांतात न जाता सौराष्ट्र या नव्या संघात आली. हैदराबादचे तर असे की, सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर ते भारतात आले, परंतु कोणत्याही प्रांतात विलीन न होता १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत स्वतंत्र राज्य म्हणून राहिले आणि त्या दिवशी त्याचे तीन भाग होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ‘विलीन’ हा शब्द सामीलनाम्याला, प्रांतात मिसळण्याला आणि संघराज्यात सामावण्याला सरसकट लावला, तर या तीन घटना वाचकाला एकच वाटतात. अशा मजकुरात मी ‘सामील होणे’, ‘विलीन होणे’ आणि समग्र प्रक्रियेसाठी ‘संघराज्यात सामावणे’ असे तीन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतो.

अमेरिकेतील वर्णभेदाविषयीच्या मजकुरात या क्रियापदाला जो अर्थ येतो, तो तर कोशातल्या कोणत्याच पर्यायात मावत नाही, आणि तिथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. एका लेखात ‘इंटिग्रेटेड स्कूल’ला मी ‘एकात्मिक शाळा’ लिहिले आणि संपादकांनी समासात विचारले की, ही शिक्षणाची कोणती नवी पद्धत आहे. चूक माझी होती. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सरकारी शाळांतील वर्णाधारित विभागणी घटनाबाह्य ठरवली. १९५७ मध्ये आर्कान्सामधील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लष्कराच्या संरक्षणात शाळेत जावे लागले. तिथे ‘शाळा इंटिग्रेट झाली’ याचा अर्थ आतापर्यंत बंद असलेली शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुली झाली, असा आहे. आणि ‘खुले करणे’ हे क्रियापद आपल्या इतिहासाने घासूनपुसून तयार ठेवले आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची शिफारस केली. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे कागदोपत्री खुले केले, आणि ते प्रत्यक्षात खुले नव्हते म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला. मराठी वाचक ‘खुले होणे’ वाचतो तेव्हा त्यामागचा संघर्ष त्याला आपोआप कळतो. ‘एकात्मिक’ने तो कळणार नाही.

आपले दुसरे वाक्य, दिव्यांग मुलांचे, याच्या जवळचे असले तरी त्यात एक पारिभाषिक पेच आहे. १९७४ मध्ये केंद्र शासनाने ‘इंटिग्रेटेड एज्युकेशन’ची योजना सुरू केली, महाराष्ट्रात ती अपंग एकात्म शिक्षण योजना म्हणून ओळखली गेली. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथील जाहीरनाम्यानंतर मात्र ‘इन्क्लुझिव्ह’ शिक्षणाची कल्पना जगभर पुढे आली, आणि त्याला आपण समावेशक शिक्षण म्हणतो. फरक केवळ नावाचा नाही. एकात्म शिक्षणात मुलाला नेहमीच्या शाळेत आणले जाते आणि तिथे त्याने निभावून न्यावे अशी अपेक्षा राहते. समावेशक शिक्षणात शाळेने आपली इमारत, फळा, पाठ्यपुस्तक आणि शिकवण्याची रीत मुलासाठी बदलायची असते. म्हणून इंग्रजी लेखकाने ‘इंटिग्रेट’ लिहिले असेल तर आपण ‘समावेशक’ लिहिणे म्हणजे त्याच्या वतीने एक मोठे आश्वासन देणे होईल. ‘सर्वसाधारण शाळेत दाखल करून इतर मुलांबरोबर शिकवणे’ असे साधे वर्णन येथे सर्वांत प्रामाणिक ठरेल. हा परिच्छेद वाचणारे पालक त्यावरून शाळेत जाऊन काही मागणार असतात, म्हणून इथे शब्द जपून वापरावा असे मला तळमळीने वाटते.

तिसऱ्या वाक्यावर फार वेळ घालवू नये. ॲप प्रणालीशी ‘जोडणे’ पुरेसे आहे. कोशातल्या तिसऱ्या पर्यायाचा आधार घेऊन ‘एकीकरण करणे’ किंवा ‘एकीकृत करणे’ लिहिल्याने अर्थात भर पडत नाही. संगणकाच्या क्षेत्रात एकच जागा अशी आहे की जिथे मला मूळ शब्दाविषयी थांबून विचार करावासा वाटतो, ती म्हणजे ‘इंटिग्रेटेड सर्किट’. १९५८ मध्ये जॅक किल्बी आणि १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी जे केले, त्यात सुटे भाग आणून जोडलेलेच नव्हते. सारे भाग अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यात घडवले होते, आणि नॉइस यांच्या रचनेला तर ‘मोनोलिथिक’, म्हणजे शब्दशः एकाश्म, असे विशेषण लागते. वेरूळचे कैलास लेणे जसे दगड रचून बांधलेले नाही, वरून खाली एकाच खडकातून कोरलेले आहे, तसेच हे. तिथे ‘एकसंध’ हा शब्द अधिक शोभला असता. आता ‘आयसी’ आणि ‘चिप’ इतके रूढ झाले आहेत की तो प्रश्न व्यवहारात उरलेला नाही.

चौथे वाक्य, शिकलेले रोजच्या कामात आणण्याचे, हे मराठीत क्रियापद बदलून सुटते. ‘अंगी बाणवणे’, ‘अंगवळणी पाडणे’, ‘कामात उतरवणे’ यांपैकी संदर्भाला जुळेल ते घ्यावे. प्रशिक्षणानंतर लगेचची गोष्ट असेल तर ‘कामात उतरवणे’. वर्षभराच्या सवयीची गोष्ट असेल तर ‘अंगवळणी पाडणे’. ‘प्रशिक्षणातील ज्ञानाचे दैनंदिन कार्यात एकात्मीकरण’ असे लिहू नये, कारण हे वाक्य कोणीही मराठी माणूस कधी बोलणार नाही.

पाचवे वाक्य सर्वांत नाजूक आहे आणि त्यासाठी मी आपल्याला घाईने शब्द देणार नाही. माणसांबद्दल हे क्रियापद येते तेव्हा त्यात कोण बदलले, हा प्रश्न दडलेला असतो. आलेल्या लोकांनी आपली भाषा, चाली, देव सोडून यजमानांसारखे व्हावे, याला इंग्रजीत ‘ॲसिमिलेशन’ म्हणतात. शरीरशास्त्रात अन्नाबाबत त्यालाच आपण सात्मीकरण म्हणतो, आणि अन्नाचे काय होते हे आठवले की तो शब्द माणसांना लावताना हात थबकतो. ‘इंटिग्रेशन’मध्ये आलेले लोक आपले काही राखूनही गावाचे होतात. कोकणातील बेने इस्राएली या ज्यू समाजाइतके याचे दुसरे स्पष्ट उदाहरण मला मराठी मुलखात दिसत नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांवरून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पेणकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी घेतली, मराठी ही त्यांची मातृभाषा झाली, आणि शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम त्यांनी शतकानुशतके सोडले नाहीत. पुढे त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, तेव्हा तिथे, म्हणजे ज्यू राष्ट्रातच, विवाहाच्या प्रश्नावर त्यांचे ज्यूपण संशयित मानले गेले; त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने ते इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. कोकणातल्या गावात धर्माने वेगळे असून ते सामावले गेले होते, आणि स्वधर्मीयांच्या देशात सामावले जाण्यासाठी त्यांना झगडावे लागले. या दोन अनुभवांना एकाच क्रियापदात बसवता येत नाही.

मराठीत नवीन जागी माणूस ‘रुळतो’. सून सासरी रुळते, मूल शाळेत रुळते. या शब्दात बदलण्याचे काम बहुतेक येणाऱ्याकडे असते. ‘मिळूनमिसळून राहतात’ यात दोघांकडे थोडे थोडे असते. ‘गावाने सामावून घेतले’ यात काम गावाकडे जाते. ऊसतोड कुटुंबांबद्दल हा भेद फार मोठा आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे हंगामाचे पाच-सहा महिने कारखान्यांच्या परिसरात खोपी घालून राहतात. त्यांची मुले हंगामापुरत्या चालणाऱ्या साखरशाळेत जातात, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसतात, की फडात धाकट्या भावंडाला सांभाळतात, यावरच ती गावात किती सामावली हे ठरते. अहवालात केवळ ‘चांगली इंटिग्रेट झाली’ एवढेच असेल, तर मूळ लेखकाला काय दिसले हे आपल्याला त्या वाक्यावरून कळू शकत नाही. कुटुंबांना गावातल्या विहिरीवर पाणी मिळू लागले का, मुलांची नावे शाळेच्या हजेरीपटावर आली का, आरोग्यसेविका खोपीपर्यंत जाऊ लागली का, की भांडण झाले नाही एवढाच अर्थ आहे, हे आपण संस्थेला पत्र लिहून विचारावे. असा प्रश्न विचारल्याने भाषांतरकाराचा कमीपणा होत नाही. मी विचारलेल्या अशा प्रश्नांमुळे मूळ इंग्रजी अहवालातली वाक्ये सुधारली गेल्याचे मी दोनतीनदा पाहिले आहे. उत्तर पहिल्या तीन प्रश्नांच्या बाजूने आले तर ‘गावाने या कुटुंबांना सामावून घेतले’ असे लिहावे, शेवटच्या बाजूने आले तर ‘ही कुटुंबे गावात विनातक्रार राहिली’ असे लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत मसुद्यात ती जागा मोकळी ठेवावी.